बापाची फुली

शनिवारी पहाटेच्या भरतीला बोट सुटायची होती, म्हणून हेडली ट्रेम्बाथ शुक्रवारी संध्याकाळीच लेकीकडे आला. आल्या आल्या त्यानं हात धुतले, नातीला तिच्या उंच खुर्चीतून उचलून मांडीवर घेतलं आणि फ्रीजवर चुंबकाखाली अडकवलेल्या कार्डाकडे मान वळवली.

"आलं म्हणायचं."

"मंगळवारीच आलं," लोवेना म्हणाली.

कार्डावर छापलं होतं की हेडली ट्रेम्बाथ यांच्या वतीनं त्यांची मुलगी लोवेना मत देईल. यात नवीन काहीच नव्हतं. मतदान नेहमी गुरुवारी, आणि गुरुवारी हेडली नेहमी समुद्रात. पोस्टानं मतपत्रिका मागवावी तर ती घरी येईल तेव्हाही तो समुद्रातच असायचा. पोर्थकेरन या त्यांच्या मासेमारीच्या गावातल्या बोटींवरच्या निम्म्या पुरुषांची मतं अशीच बायकांच्या हातून पडत आलेली. हेडलीचं मत त्याची बायको मॉरीन टाकायची, तीस वर्षं टाकलं तिनं. मॉरीन गेल्यावर, गेल्या वर्षीच्या निवडणुकीत, ते काम लोवेनाकडे आलं. तेव्हा मांडीवरची ही उला पोटात होती आणि या सगळ्यात कुणाला काही विशेष वाटलं नव्हतं. यंदाची गोष्ट निराळी होती. यंदा पक्षाला मत द्यायचं नव्हतं; देशानं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढंच विचारलं होतं, आणि एवढ्यावरून आख्खं गाव दुभंगलं होतं.

"फुली कुठे मारायची ते सांगायला नको ना?"

"नको, डॅड."

"तरी सांगतो. दोन चौकोन असतील. खालच्यात मारायची. बाहेर."

सिंकपाशी लोवेनाचा नवरा वायदास भांडी धूत उभा होता. त्यानं नळ बंद केला नाही. लिथुआनियातून येऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. पहिली नोकरी त्याला हेडलीनंच दिली, स्वतःच्या बोटीवर. पण वायदासचं पोट पाण्यावर टिकेना. तीन फेऱ्या त्यानं कठड्याला धरून काढल्या, मग हेडलीनंच शब्द टाकून त्याला धक्क्यावरच्या मासे कापायच्या शेडमध्ये लावला. सुरी चालवण्यात त्याचा हात धरणारा आता तिथं कुणी नव्हता.

"वायदास," हेडली त्याच्या पाठीकडे बघत म्हणाला, "याचा रोख तुझ्यावर नाही बरं का."

"मी काही बोललो का, हेडली?"

"बोलला नाहीस म्हणूनच सांगतोय."

"मग ऐकलं मी," वायदास म्हणाला. ताट उलटं करून त्यानं जाळीत ठेवलं.

तो रोख कशावर होता ते लोवेनाला पाठ होतं. ती सहा वर्षांची असताना आजोबांची बोट, 'रूथ', वाळूवर ओढून आणली होती. युरोपीय संघाचे, कुणी किती मासे धरायचे ते ठरवणारे कोट्याचे नियम आले होते, मासे धरायला परवानगी उरली नव्हती, आणि बोट मोडून टाकणाऱ्याला सरकार भरपाई देत होतं. मोठ्या यंत्रानं 'रूथ'ची फळीन् फळी उचकटली. लोवेनाला आठवायचं ते यंत्र नाही, तर आजोबांनी हातात धरलेली टोपी. त्यानंतर ते धक्क्यावर परत कधी गेले नाहीत. हेडलीनं त्या दिवशी मनात जे काही ठरवलं, त्याचा हिशेब चुकता करायची संधी त्याला तेवीस वर्षांनी मिळत होती. कॉलेजात तीन वर्षं राज्यशास्त्र शिकलेल्या लोवेनानं त्याला कितीदा समजावलं होतं की कोटा वाटणारे आणि विकणारे बरेचसे आपलेच लोक आहेत. हेडली शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "असेल पोरी. पण वाळूवर मी उभा होतो."

तो गेला. उलाच्या गालाला त्याच्या दाढीचे लाल ओरखडे उठले होते. लोवेना ते बोटानं चोळत बसली.

"दोन," वायदास म्हणाला.

"काय दोन?"

"तुझ्या हातात दोन मतं. माझ्याकडे एकही नाही. नऊ वर्षं कर भरतोय, पण मला कुणी विचारणार नाही." त्यानं हात पुसले. "मी मागत नाहीये काही. नुसतं म्हणतोय."

मागितलं असतं तर तिला नाही म्हणता आलं असतं.

तो आठवडा लोवेनानं श्वास रोखून काढला. रस्त्यात कोण बोललं, कोण बोललं नाही, कोण बोललं पण डोळ्यांत न बघता, हे सगळं ती टिपत होती, आणि आपण टिपतोय याची तिला लाजही वाटत होती. खिडक्याखिडक्यांत फलक लागले होते. चॅपलच्या, म्हणजे गावच्या लहान चर्चच्या, सभागृहात मंगळवारी आयाबायांचा बाळांना घेऊन जमायचा वार. एरवी तिथं दातांवर आणि झोपेवर गप्पा चालायच्या, यंदा एका बाईनं दुसरीला बिस्किटांची बशी पुढे केली नाही आणि त्या दोघींची पोरं मात्र एकाच ठोकळ्यासाठी भांडत राहिली. किराणा दुकानात रांगेत उभी असताना उलानं दारातून आत येणाऱ्या कुणा उंच माणसाला पाहून हाक मारली, "टेटे." बापाला ती असंच म्हणायची, त्याच्या भाषेत. लोवेनानं चटकन आजूबाजूला पाहिलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. पण आपण पाहिलं, हे तिला सलत राहिलं. दुकानातून बाहेर पडेपर्यंत ती उलाशी मोठ्यानं इंग्रजीत बोलत राहिली.

बुधवारी वायदास कामावरून आला तो न जेवताच बसला.

"बर्फाच्या गोदामातला तो म्हातारा," तो म्हणाला, "मला म्हणाला, बॅग भरायला घे आता."

"थट्टेनं म्हणाला असेल."

"थट्टेनंच म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो." त्यानं काटा उचलून खाली ठेवला. "मला एवढंच कळत नाही की मी का हसलो."

गुरुवारी सकाळी ढकलगाडीत उलाला घालून लोवेना चॅपलकडे निघाली. मतदान तिथंच होतं. फाटकाबाहेर मेल्विल नान्स छातीवर 'बाहेर'चा बिल्ला लावून उभा होता. एके काळी मेल्विलचीही बोट होती. आता गुडघे गेल्यामुळे तो धक्क्यावर बसून इतरांच्या बोटींना नावं ठेवायचा. त्याच्या हातात पेनांचा गठ्ठा होता. केंद्रात पेन्सिल ठेवतात, पेन्सिलची फुली मागाहून खोडतात, अशी एक वावडी त्या आठवड्यात सगळीकडे उठली होती, आणि मेल्विलनं ती मनावर घेतली होती.

"घे गं," तो म्हणाला. "शाईचं आहे. तुझ्या बापाच्या मतासाठी. तुझं तू पेन्सिलीनं टाकलंस तरी चालेल, पुसलं तरी आमची काही हरकत नाही."

"आभारी आहे, मेल्विल."

"हेडलीला म्हटलं मी, अरे, लेकीकडे कसलं देतोस, घरात तिच्या कोण आहे बघ तरी. तर मला म्हणाला, तुझं तोंड आवर." मेल्विल हसला. "आवरलं. तो परत येईपर्यंत आवरतो."

आत थंडावा होता आणि मेणाचा वास. टेबलामागच्या बाईनं यादीत दोन नावांवर रेघ मारली आणि दोन मतपत्रिका फाडून पुढे केल्या. "एक तुमची, एक वडिलांची," ती म्हणाली. दोन्ही अगदी सारख्या होत्या. कुठली कुणाची, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

लाकडी आडोशात शिरून लोवेनानं ढकलगाडी पायानं अडवून धरली. आपलं मत तिनं आधी उरकलं. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं वरच्या चौकोनात फुली मारली, राहायचं. मग दुसरा कागद पुढे ओढला, आणि तिथंच तिचा हात थांबला.

बापाचं मत बापाच्या मनासारखं टाकलं, तर तिचं आणि त्याचं एकमेकांना खाऊन टाकणार. म्हणजे या घरातून वायदाससाठी काहीच जाणार नाही. ती इथं आलीच नसती तरी तेच झालं असतं. आणि वर टाकलं, तर दोन. कुणाला कळणार नव्हतं. डॅड विचारणार नव्हता. विचारणं त्याच्या रक्तात नव्हतं. वायदासचं कोरं, हसून उतरलेलं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं. उलानं गाडीतून हात वर केले आणि ती कुरकुरू लागली.

आई नेहमी डॅडच्या उलट मत द्यायची. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, त्यावरून जेवताना चेष्टा चालायची. आणि तीस वर्षं आईनं त्याची फुली त्याच्याच जागी मारली, आपली आपल्या जागी, आणि घरी येऊन म्हणायची, झालं, आज पुन्हा दोघं मिळून शून्य. लोवेनाला लहानपणी ते वेडेपणाचं वाटायचं. आता त्या अरुंद आडोशात तिला आईचा राग आला, कारण आईनं तिला दुसरी वाट ठेवली नव्हती. परवा डॅडच्या समोर बसून चहा ओतायचा होता. त्याच्या हातात उलाला द्यायची होती.

तिनं मेल्विलचं पेन काढलं आणि खालच्या चौकोनात फुली मारली. रेघ थोडी वाकडी गेली. दोन्ही कागद घडी करून तिनं पेटीत टाकले आणि उलाला उचलून कडेवर घेतलं.

बाहेर मेल्विलनं पेनासाठी हात पुढे केला.

"वापरलंस?"

"आतलं आतच राहतं, मेल्विल."

"म्हणजे नाही."

"म्हणजे आतलं आतच राहतं."

तिनं पेन त्याच्या हातात ठेवलं आणि गाडी वळवली. मागं मेल्विल कुणाला तरी म्हणाला, "बघितलंत? तोंड बघितलंत तिचं?"

शुक्रवारी निकाल लागला. देश बाहेर पडणार होता. वायदास पहाटे चारला कामावर गेला होता. शेडमध्ये रेडिओ लावलेलाच असायचा. तो दहाला घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला माशांचा वास तसाच होता, हातसुद्धा त्यानं नीट धुतले नव्हते. लोवेना दारातच उभी होती.

"निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला. "निम्मे कापत राहिले. मीही कापत राहिलो." मग त्यानं तिचे दोन्ही हात धरले, तळवे वर केले आणि एकेकावर ओठ टेकवले. "मेल्विल सगळीकडे सांगतोय, त्याचं पेन तू वापरलंच नाहीस. आपल्या घरातून दोन तरी गेली. एवढं तरी झालं. तुला किती जड गेलं असेल ते मला कळतं, लोवेना."

तिनं तोंड उघडलं. सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि लग्नात सुद्धा तिनं त्याचे डोळे भरलेले पाहिले नव्हते. आत्ता नको, तिनं ठरवलं. त्याला जेवू दे, झोपू दे. दुपारी त्यानं आईला फोन लावला. लोवेना वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. लिथुआनियन तिला तोडकंमोडकं कळायचं, आणि जेवढं कळलं तेवढं पुरेसं होतं. तो आईला सांगत होता की सासऱ्यानं स्वतःचं मत लोवेनाच्या हाती दिलं होतं, आणि तिनं ते आपल्यासाठी टाकलं. पलीकडून म्हातारी काहीतरी बोलली. वायदास म्हणाला, हो आई, भाग्यवान आहे मी.

लोवेनानं एकाच झबल्याची चार वेळा घडी घातली. संध्याकाळीही ती मूग गिळून बसली. आता जितका वेळ जात होता तितकं सांगणं अवघड होत होतं, हे तिला दिसत होतं, आणि दिसूनही वेळ जातच होता.

शनिवारी दुपारी हेडलीची बोट लागायची होती. बोट येते तेव्हा घरच्यांनी धक्क्यावर जायचं, हा तिथला रिवाज. न जावं तर चार तोंडं चार गोष्टी बोलणार. तिघंही गेली. उला वायदासच्या खांद्यावर होती.

धक्क्यावर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. कुणीतरी मासळीच्या खोक्यांवर झेंडे लावले होते. दोन-तीन घरांतली माणसं मुद्दाम लांब, बर्फाच्या गोदामापाशी, झेंड्यांकडे पाठ करून उभी होती. बोट धक्क्याला टेकली, दोर फेकले गेले, पोरांनी ते बांधले. हेडली शिडी चढून वर आला. आठ दिवसांची दाढी, डोळे खाऱ्या वाऱ्यानं लाल. पहिलं काम म्हणून त्यानं उलाच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हलवला.

"जिंकलो, हेडली," मेल्विल गर्दीतून पुढे येत म्हणाला.

"ऐकलं रेडिओवर."

"तुझ्या मताशिवाय जिंकलो, हे पण ऐक."

हेडलीनं अंगठा सोडला. "म्हणजे काय?"

"म्हणजे तुझ्या लेकीला विचार. गुरुवारी आतून बाहेर आली ती चुन्यासारखी पांढरीफटक. मी विचारलं तर सांगेना. ज्यानं सरळ काम केलं तो कशाला लपवेल?"

"मत गुप्त असतं," हेडली म्हणाला.

"तिचं गुप्त. तुझं तुला तरी माहीत नको?"

"मला माहीत आहे."

"विचार ना मग, सगळ्यांसमोर."

"मी विचारणार नाही."

"कारण उत्तर तुला ठाऊक आहे." मेल्विल इतरांकडे वळला. "आठ दिवस समुद्रात मरायचं, आणि मत कुणाचं पडलं, तर जावयाचं. ज्याला मतच नाही त्याचं."

काही जण हसले. बोटीवरच्या खलाशांनी माना खाली घातल्या, आणि ते लोवेनाला हसण्याहून वाईट वाटलं. हेडली हलला नाही. त्यानं लोवेनाकडे पाहिलंसुद्धा नाही, मुद्दाम पाहिलं नाही. पण दोर धरून सोललेल्या त्याच्या हाताची मूठ उघडत-मिटत होती. उद्यापासून या धक्क्यावर हा माणूस फसवला गेलेला बाप म्हणून वावरणार होता. आणि तो आपल्याला कधीच विचारणार नव्हता. विचारणार नाही म्हणूनच ती शंका मरेपर्यंत त्याच्यासोबत राहणार होती.

वायदास तिच्या कानाशी वाकला. "काही बोलू नकोस," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात ऊब होती, दोघांच्या गुपिताची. "यांना उत्तर द्यायला आपण बांधील नाही."

बोललं तर एक जाणार होता, न बोललं तर दुसरा. पण न बोलून वायदास तिच्याजवळ राहणार होता तो खोट्याच्या आधारावर, हेही तिला त्याच क्षणी स्वच्छ दिसलं.

"टाकलं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला. "डॅडनं सांगितलं होतं तिथंच. खालच्या चौकोनात. तुझ्याच पेनानं, मेल्विल."

बर्फाच्या गोदामापाशी उभे असलेलेही वळून बघू लागले.

"हिला काय, आता काहीही म्हणेल," मेल्विल पुटपुटला, पण त्याच्या बोलण्यात दम उरला नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून कुणालाही कळलं असतं की खोटं बोलणारं माणूस असं दिसत नाही. कारण ती मेल्विलकडे बघत नव्हती, बापाकडेही बघत नव्हती, फक्त वायदासकडे बघत होती.

वायदासनं उलाला खांद्यावरून खाली घेतलं आणि छातीशी धरलं. कोडं सुटल्यासारखा तो फक्त तिच्या हातांकडे बघत राहिला, काल ज्यांवर ओठ टेकवले होते त्या हातांकडे.

मेल्विलला तेवढ्यात नवी वाट सापडली. "घ्या," तो म्हणाला. "मग तुला तुझ्या बायकोनंच बाहेर काढलं की, मित्रा."

"मेल्विल, पुरे," हेडली म्हणाला. मग तो वायदासकडे वळला, आणि आवाज खाली आणला. "माझ्या त्या मताचा रोख तुझ्यावर नव्हता. मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतं," वायदास म्हणाला.

"ते माझ्या बापासाठी होतं."

"कागदाला ते कुठे कळतं, हेडली?"

नऊ वर्षांत वायदासनं सासऱ्याला उलट उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"कागदावर फक्त फुली असते," वायदास पुढे म्हणाला. तो ओरडत नव्हता. मासे कापताना बोलायचा त्याच संथ आवाजात बोलत होता, आणि त्यामुळे लांब गोदामापाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जात होतं. "तुमची, याची, त्या बर्फवाल्याची, सगळ्यांची सारखीच. तुम्ही मनात बापाला धरलं असेल. बर्फवाल्यानं मनात मला धरलं. मोजणाऱ्याला दोन्ही एकच. आणि उद्या मला जे पत्र येईल, त्यात तुमचं मन वेगळं होतं असं लिहिलेलं नसेल."

"तुला कुणी हात लावायला आला तर मी आहे."

"तुम्ही गुरुवारी समुद्रात असता," वायदास म्हणाला.

तो वळला आणि उलाला घेऊन चालू लागला. लोवेना एक पाऊल बापाकडे, एक पाऊल नवऱ्यामागं, अशी तिथंच अडकली. हेडलीनं मान हलवून तिला खूण केली, जा. त्या खुणेत आभार होते की आणखी काही, हे तिला वाचता आलं नाही.

चढाच्या गल्लीत तिनं वायदासला गाठलं. त्याचा वेग कमी झाला नाही.

"वायदास, ते त्याचं मत होतं. माझं नव्हतंच ते. मी कसं…"

"मतावर काही बोलतोय का मी?"

"मग?"

तो थांबला. उलाची टोपी सरकली होती ती त्यानं सारखी केली. "तू ते मत त्याचं त्याला दिलंस. ठीक. मला राग येईल, जाईल. पण काल मी तुझे आभार मानले. माझ्या आईला सांगितलं. आणि तू वर उभी राहून ऐकलंस. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"त्याला तू फसवलं नाहीस. मला फसवलंस. अख्खा एक दिवस."

कॉलेजातलं काही कामी येणारं नव्हतं. "मी भ्याले," एवढंच ती म्हणाली.

"मला घाबरलीस?"

"तुझ्या डोळ्यांतल्या पाण्याला."

त्यानं उलाला दुसऱ्या हातावर घेतलं. "आईला तू सांगायचं," तो म्हणाला. "माझ्या भाषेत. जेवढं येतं तेवढ्यात."

तिनं त्याच संध्याकाळी फोन केला. शब्द सापडेनात, क्रियापदं चुकली. मध्येच तिला रडू आलं तर रडणं कसं आवरावं हेही त्या भाषेत येईना. पलीकडून म्हातारीनं एवढंच विचारलं की उला जेवली का. वायदास जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. तो उठून गेला नाही.

रविवारी दुपारचं जेवण हेडली लेकीकडे घ्यायचा. लोवेनानं मांस ओव्हनमध्ये ठेवलं, बटाटे सोलले, आणि ताटं मांडताना तिचा हात तिसऱ्या ताटावर घुटमळला. विचारायचं धाडस होईना. वायदासनं पाहिलं. त्यानं स्वतः फळीवरून ते ताट काढलं आणि टेबलाच्या टोकाला ठेवलं, जरा जोरातच.

"येऊ दे त्याला. काय बोलायचं ते इथं बोलेल, माझ्या टेबलावर. धक्क्यावर नाही."

"आला नाही तर?"

"मग मी जाईन."

एक वाजला. सव्वा वाजला. मांस ओव्हनमधून काढून तिनं झाकून ठेवलं. इतकी वर्षं हेडली मागच्या दारानं, न विचारता, शीळ घालत आत यायचा. त्या दिवशी पुढच्या दारावर टकटक झाली. कुणी परकं असेल म्हणून लोवेना उठली, पण वायदास तिच्या आधी उठला होता. त्यानं दार उघडलं.

हेडली पायरीवर उभा होता. दाढी केली होती, अंगात रविवारी चॅपलला घालायचा कोट होता. त्याच्या हातात काहीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

दाराची कडी वायदासच्या मुठीतच होती. आतून लोवेना दोघांकडे पाहत होती. उलाला तिनं इतकं घट्ट धरलं होतं की ती चुळबुळ करू लागली.

"बूट काढा," वायदास म्हणाला.

त्याच्या देशात घरात कुणी बूट घालून येत नसे. इथं मात्र सगळेच येत. मासळीचं पाणी प्यायलेले हेडलीचे बूट इतकी वर्षं स्वयंपाकघरापर्यंत आले होते, आणि इतकी वर्षं वायदास तो गेल्यावर गुपचूप फरशी पुसत आला होता. त्यानं एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं.

हेडलीनं आपल्या पायांकडे पाहिलं, मग जावयाकडे. नंतर तो पायरीवर बसला, एका हातानं चौकटीचा आधार घेत, आणि पहिल्या बुटाची नाडी सोडू लागला. गाठ ओलाव्यानं आवळली होती. सुटायला वेळ लागत होता. वायदास दार धरून उभा राहिला.